प्रदूषण प्रतिबंध, रासायनिक उत्पादनातील

रासायनिक पदार्थ तयार करताना निर्माण होणारी टाकाऊ व अपायकारक द्रव्ये कारखान्याबाहेर सोडण्यापूर्वी शुद्ध करीत बसण्याऐवजी ती मुळातच निर्माण होणार नाहीत किंवा कमीत कमी निर्माण होतील, अशा रीतीने प्रक्रियेची निवड, आखणी व सुधारणा करणे, यास उगमस्थानी प्रदूषण प्रतिबंध असे म्हणतात. त्यासाठी प्रत्येक पर्यायी प्रक्रियेत कच्चा माल, पाणी, विद्रावक, उत्प्रेरक व ऊर्जा किती लागतात, त्यांपैकी किती भाग उत्पादनात जातो आणि उरलेला भाग कोठे, कोणत्या रूपात बाहेर पडतो, याची पद्धतशीर तपासणी करावी लागते. या तपासणीस प्रक्रिया-मूल्यमापन म्हणतात.

द्रव्य नष्ट होत नाही, या मूलभूत नियमातच या विषयाचे महत्त्व आहे. धुराड्यातून बाहेर पडणारा वायू पाण्यात शोषून घेतल्यास हवा स्वच्छ होते, परंतु पाणी दूषित होते. त्या पाण्यातील द्रव्याचा साका पाडल्यास पाणी स्वच्छ होते, परंतु साक्याचा गाळ जमिनीवर साठतो. गाळ जाळल्यास त्याचा काही भाग पुन्हा हवेत जातो. शुद्धीकरणाने अनेक द्रव्ये निरुपद्रवी होतात, हे खरे असले, तरी पुष्कळदा प्रदूषणाचे केवळ स्थलांतर होते. म्हणून टाकाऊ द्रव्याचा खरा हिशेब शुद्धीकरण केंद्राच्या दारात सुरू होत नसून विक्रियापात्रात सुरू होतो.

इतिहास : या प्रश्नाचे सर्वांत बोलके जुने उदाहरण सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या उद्योगात आढळते. एकोणिसाव्या शतकात यूरोपात सोडा लब्लां पद्धतीने तयार करीत. या पद्धतीत मिठावर सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया करून सोडियम सल्फेट मिळवीत व ते चुनखडी आणि कोळसा यांबरोबर भाजीत. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन क्लोराइड वायू सुटे व आसपासची पिके आणि झाडे त्याने जळून जात. दुसऱ्या टप्प्यातील कॅल्शियम सल्फाइडयुक्त राडारोड्याचे ढीग कारखान्याभोवती साचत व त्यांतून दुर्गंधी येई. १८६३ मध्ये ब्रिटनमध्ये संमत झालेल्या कायद्याने ९५ टक्के हायड्रोजन क्लोराइड शोषून घेणे सक्तीचे केले. कारखानदारांनी तो पाण्यात शोषला व पुष्कळ ठिकाणी ते अम्लयुक्त पाणी नद्यांत सोडले. पुढे या अम्लापासून क्लोरीन व विरंजक चूर्ण करता येऊ लागल्यावर त्याला किंमत आली. मूळ प्रश्न मात्र सॉल्व्हे पद्धतीने सुटू लागला. ही पद्धत १८६० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तीत मीठ व चुनखडी यांपासून अमोनियाच्या मध्यस्थीने सोडा मिळतो व अमोनिया पुन्हापुन्हा वापरला जातो. समीकरणांवरून हिशेब केल्यास लब्लां पद्धतीत वापरलेल्या द्रव्यांपैकी सु. ३१ टक्के, तर सॉल्व्हे पद्धतीत सु. ४९ टक्के द्रव्यमान सोड्यात उतरते. सॉल्व्हे पद्धतीतही कॅल्शियम क्लोराइड शिल्लक राहतेच; परंतु ते हायड्रोजन क्लोराइडाइतके अपायकारक नाही. कायद्याने वायू अडविला, तर प्रक्रिया बदलल्याने तो निर्माण होणेच थांबले. हा भेद या विषयाच्या मुळाशी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्यांचा रोख बराच काळ बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यावर व धुरावर राहिला. १९७५ मध्ये अमेरिकेतील थ्री-एम या कंपनीने प्रदूषण टाळणे फायद्याचे ठरते, या सूत्रावर आधारलेला कार्यक्रम आपल्या कारखान्यांत सुरू केला. १९९० मध्ये अमेरिकेत प्रदूषण प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये अणुमितव्ययाची कल्पना मांडली व त्याच सुमारास रॉजर शेल्डन यांनी पर्यावरणीय गुणक सुचविला. पॉल ॲनॅस्टस व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील पहिलेच तत्त्व टाकाऊ द्रव्य निर्माण होऊ न देण्याचे आहे.

द्रव्याचा ताळेबंद : मूल्यमापनाची सुरुवात प्रक्रियेची सीमा ठरविण्यापासून होते. एखादा टप्पा, एक विभाग किंवा संपूर्ण कारखाना ही सीमा असू शकते. सीमेच्या आत येणारे प्रत्येक द्रव्य एका बाजूस व बाहेर जाणारे प्रत्येक द्रव्य दुसऱ्या बाजूस मांडतात. व्यापाऱ्याच्या खतावणीप्रमाणे दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे. ती जुळत नसेल, तर काही द्रव्य नकळत हवेत, पाण्यात वा जमिनीत जात आहे किंवा मोजमाप चुकत आहे, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात हा न जुळणारा भागच तपासणाऱ्यास सर्वांत जास्त माहिती देतो. गळके पंप, उघडी पिंपे, बाष्पीभवनाने उडून जाणारे विद्रावक, टाक्या धुताना वाहून जाणारा माल, यांचा शोध अशा तफावतीवरूनच लागतो.

ताळेबंदात केवळ मुख्य विक्रियेतील द्रव्ये घेऊन भागत नाही. विद्रावक, धुण्याचे पाणी, उदासिनीकरणासाठी लागणारी अम्ले व क्षार, थकलेला उत्प्रेरक, गाळणीचे कापड व भुकटी, तसेच वाफ व वीज निर्माण करण्यासाठी जाळलेले इंधन यांचाही त्यात समावेश करतात. औषधे व रंग यांच्या निर्मितीत मुख्य विक्रियाकारकांपेक्षा विद्रावक व पाणी यांचेच वजन पुष्कळदा जास्त असते.

मोजमापे : प्रक्रियेचे यश मोजण्याचे रसायनशास्त्रातील नेहमीचे माप म्हणजे उतारा होय. समीकरणाप्रमाणे जितके उत्पादन मिळावयास हवे, त्यापैकी प्रत्यक्ष हाती आलेला भाग तो दर्शवितो. प्रदूषणाच्या दृष्टीने मात्र हे माप अपुरे आहे, कारण समीकरणातच अटळपणे निर्माण होणारी उप-उत्पादने त्यात दिसत नाहीत. ही उणीव अणुमितव्यय या मापाने भरून निघते. इच्छित पदार्थाच्या रेणुभारास सर्व विक्रियाकारकांच्या रेणुभारांच्या बेरजेने भागून येणारी टक्केवारी म्हणजे अणुमितव्यय होय. रेणुभार घेताना समीकरणातील रेणूंची संख्या हिशेबात धरतात.

रंग, रबर-रसायने व औषधे यांच्या उद्योगात लागणाऱ्या ॲनिलिनाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. ॲनिलीन नायट्रोबेंझिनाच्या क्षपणाने मिळते. जुन्या बेशाँ पद्धतीत क्षपणासाठी लोखंडाचा कीस व अम्लयुक्त पाणी वापरतात. या पद्धतीत नायट्रोबेंझिनाच्या ४ रेणूंस लोखंडाचे ९ अणू व पाण्याचे ४ रेणू लागतात. त्यांपासून ॲनिलिनाचे ४ रेणू व काळ्या लोह ऑक्साइडाचे ३ रेणू मिळतात. द्रव्यमानांचा हिशेब केल्यास अणुमितव्यय सु. ३५ टक्के येतो व १ किग्रॅ. ॲनिलिनामागे सु. १·८६ किग्रॅ. लोह ऑक्साइड निर्माण होते. उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वायूने क्षपण केल्यास केवळ पाणी हे उप-उत्पादन राहते, अणुमितव्यय सु. ७२ टक्के होतो व १ किग्रॅ. ॲनिलिनामागे सु. ०·३९ किग्रॅ. पाणी मिळते. दोन्ही पद्धतींचा उतारा ९५ टक्के असू शकतो. उताऱ्यावरून दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात, पण एकीच्या मागे कार्बनी द्रव्याने माखलेल्या गाळाचा ढीग उरतो व दुसरीच्या मागे पाणी उरते. महाराष्ट्रात रसायनी (जि. रायगड) येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने नायट्रोबेंझीन व ॲनिलीन यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले होते. रंगांच्या मध्यस्थ पदार्थांच्या लहान कारखान्यांत लोखंडाची पद्धत पुष्कळ काळ टिकून राहिली, कारण तिला दाब सहन करणारी पात्रे लागत नाहीत व हायड्रोजनाच्या स्फोटाचे भय नसते.

प्रत्यक्ष निर्माण झालेल्या टाकाऊ द्रव्याचे माप पर्यावरणीय गुणकाने मिळते. १ किग्रॅ. उत्पादनामागे किती किग्रॅ. टाकाऊ द्रव्य निर्माण झाले, ते हा गुणक सांगतो. शेल्डन यांच्या अंदाजानुसार तो खनिज तेल शुद्धीकरणात ०·१ च्या आसपास, मोठ्या प्रमाणावरील रसायनांत १ ते ५, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५० आणि औषधांत २५ ते १०० किंवा त्याहूनही अधिक असतो. एकूण टनभार तेल शुद्धीकरणात प्रचंड असला, तरी उत्पादनाच्या तुलनेत सर्वांत जास्त नासाडी औषधे व सूक्ष्म रसायने यांच्या उद्योगात होते, असा याचा अर्थ आहे. टप्प्यांची संख्या वाढत जाते, तशी प्रत्येक टप्प्याच्या विद्रावकांची व धुण्याच्या पाण्याची भर पडते, हे त्याचे मुख्य कारण होय.

टप्पे कमी केल्याने काय साधते, याचे प्रसिद्ध उदाहरण आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे आहे. बूट्स या ब्रिटिश कंपनीची मूळ पद्धत सहा टप्प्यांची व सु. ४० टक्के अणुमितव्ययाची होती. १९९२ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात सुरू झालेल्या कारखान्यातील नवी पद्धत तीन टप्प्यांची असून तिचा अणुमितव्यय सु. ७७ टक्के आहे. त्या पद्धतीत निर्माण होणारे ॲसिटिक अम्ल परत मिळवून वापरल्यास तो जवळजवळ ९९ टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही पद्धतींचा आरंभ आयसोब्युटिलबेंझिनापासून होतो. महाड (जि. रायगड) येथील विनती ऑर्गॅनिक्सचा कारखाना या द्रव्याच्या उत्पादनासाठी जगभर ओळखला जातो. टोल्यूइन व प्रोपिलीन या दोन पदार्थांच्या थेट संयोगाने ते मिळते. सर्व अणू उत्पादनात सामावत असल्याने या विक्रियेचा सैद्धांतिक अणुमितव्यय १०० टक्के आहे.

विषारीपणा व साठा : वजनाचा हिशेब आवश्यक असला, तरी पुरेसा नाही. एक किग्रॅ. मीठ व एक किग्रॅ. पारा हे तराजूत सारखे असले, तरी नदीत सारखे नसतात. मिठाच्या विद्रावाच्या विद्युत विच्छेदनाने क्लोरीन व दाहक सोडा मिळविताना पूर्वी पाऱ्याचे घट वापरीत. पाऱ्याचे प्रमाण वजनाने अल्प होते, तरी मासळीवाटे तो माणसाच्या शरीरात साठतो, हे जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उजेडात आलेल्या रोगाने दाखवून दिले. तेथील पारा ॲसिटाल्डिहाइडाच्या कारखान्यातील उत्प्रेरकातून आला होता. क्लोरीन उद्योगात पुढे पाऱ्याच्या घटांची जागा पटलयुक्त घटांनी घेतली. वर उल्लेखिलेल्या आयब्युप्रोफेनाच्या नव्या पद्धतीतही हायड्रोजन फ्ल्युओराइड हे अत्यंत दाहक द्रव्य उत्प्रेरक व विद्रावक म्हणून वापरतात. ते जवळजवळ सर्व परत मिळते. पण गळती झाल्यास घातक ठरते. टाकाऊ द्रव्य कमी करणारी पद्धत म्हणून ती श्रेष्ठ, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.

भोपाळच्या दुर्घटनेवरून हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे कार्बारिल हे कीटकनाशक मिथिल आयसोसायनेट व १-नॅफ्थॉल यांच्या संयोगाने तयार करीत. या अंतिम विक्रियेचा अणुमितव्यय १०० टक्के आहे. हेच कीटकनाशक दुसऱ्या क्रमानेही करता येते : प्रथम नॅफ्थॉलावर फॉस्जिनाची व नंतर मिथिल अमाइनाची विक्रिया करावयाची. दोन्ही मार्गांत मूळ द्रव्ये तीच व हायड्रोजन क्लोराइड हे उप-उत्पादनही तेच. एकूण अणुमितव्ययात फरक पडत नाही. फरक एवढाच, की दुसऱ्या मार्गात मिथिल आयसोसायनेट तयारच होत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री टाकीत साठविलेल्या सु. ४० टन मिथिल आयसोसायनेटात पाणी शिरून विक्रिया भडकली व विषारी वायू शहरावर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. फॉस्जीन हे विषारी द्रव्य दोन्ही मार्गांत लागते, म्हणून दुसरा मार्ग निर्धोक म्हणता येत नाही. तथापि मध्यस्थ पदार्थ कोणता व एका वेळी त्याचा साठा किती, हे प्रश्न मूल्यमापनात उताऱ्याइतकेच महत्त्वाचे आहेत, हे या घटनेने सिद्ध झाले.

पर्यायांचा क्रम : ताळेबंद व धोके स्पष्ट झाल्यावर सुधारणेचे पर्याय साधारणपणे पुढील क्रमाने तपासतात : (१) विक्रियेचा मार्ग बदलणे, उदा., लोखंडाऐवजी हायड्रोजन वापरणे, (२) कच्चा माल, विद्रावक वा उत्प्रेरक बदलणे, उदा., एकदा वापरून फेकून द्याव्या लागणाऱ्या ॲल्युमिनियम क्लोराइडाऐवजी पुन्हापुन्हा वापरता येणारे झिओलाइट घेणे. (३) तापमान, दाब, मिश्रण व विक्रियाकारक घालण्याचा वेग यांवर काटेकोर नियंत्रण ठेवून अनिष्ट उपविक्रिया कमी करणे. (४) पाणी, विद्रावक व न वापरलेला माल त्याच कारखान्यात परत फिरविणे. (५) उरलेल्या द्रव्याचा दुसऱ्या उद्योगात उपयोग करणे. एवढे झाल्यावर जे शिल्लक राहते त्यावरच शुद्धीकरणाची योजना करावी, अशी अपेक्षा असते.

हे पर्याय केव्हा तपासले जातात, यालाही महत्त्व आहे. प्रयोगशाळेत मार्ग ठरत असताना विक्रिया बदलण्यास फारसा खर्च येत नाही. पथदर्शी संयंत्र उभे राहिल्यावर तो वाढतो व पूर्ण कारखाना उभा राहिल्यावर पहिले दोन पर्याय बहुधा बंदच होतात. मग केवळ शेवटचे पर्याय व शुद्धीकरण उरते. म्हणून मूल्यमापन जितके लवकर होईल, तितके ते स्वस्त व परिणामकारक ठरते.

खानदेशातील उदाहरण, साखर उद्योग : रासायनिक प्रक्रिया केवळ रसायनांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींतच चालतात असे नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत परिचित रासायनिक कारखाना म्हणजे साखर कारखाना होय. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात चहार्डी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारण्यात आला. या तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी आहे. चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील केळी, ऊस इ. बागायती पिके मुख्यत्वे विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यावर वाढली. डोंगराच्या पायथ्याशी गोटे, खडी व जाड वाळू यांच्या थरांचा अत्यंत सच्छिद्र पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्यास बझाडा म्हणतात. सातपुड्यातून येणाऱ्या ओढ्यांचे पाणी या पट्ट्यात मुरते व पुढे तापीकाठच्या गाळाच्या थरांतील भूजलास मिळते. जी जमीन पाणी लवकर मुरू देते, ती पाण्याबरोबर आलेले विद्राव्य प्रदूषकही मुरू देते. नदीतील घाण पुराने वाहून जाऊ शकते. भूजलात शिरलेली घाण वर्षानुवर्षे तेथेच राहते. अशा प्रदेशात शुद्धीकरण केंद्र काही दिवस बंद पडले, तरी त्याचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागू शकतात. त्यामुळे उगमस्थानी प्रतिबंधाचे महत्त्व येथे विशेष आहे.

साखर कारखान्याचे नमुनेदार आकडे घेऊन ताळेबंद मांडता येतो. १ टन उसापासून सु. १०० ते ११५ किग्रॅ. साखर, सु. २८० किग्रॅ. चिपाडे, ३० ते ४० किग्रॅ. गाळणीचा गाळ व सु. ४० किग्रॅ. मळी मिळते. (या उद्योगात उतारा हा शब्द उसाच्या वजनाशी असलेल्या साखरेच्या टक्केवारीसाठी वापरतात.) उसात सु. ७० टक्के पाणीच असते. रस आटविताना १ टन उसामागे अंदाजे ७०० किग्रॅ. हून अधिक वाफ बाहेर पडते व ती निववून गरम पाणी मिळते. म्हणजे नीट चालविलेल्या कारखान्यास गाळप हंगामात बाहेरचे पाणी फार थोडे लागावे. उसाने आणलेले पाणीच बाष्पित्रास व धुण्यास पुरू शकते. भारतात १९८६ च्या पर्यावरण नियमांखाली १ टन उसामागे ४०० लि. सांडपाण्यास मुभा होती. २०१६ मध्ये ही मर्यादा शीतकरण यंत्रणेतून सोडावयाच्या पाण्यासह २०० लि. वर आणण्यात आली.

सांडपाण्यातील प्रदूषक म्हणजे मुख्यत्वे साखरच असते. पंपांच्या गळतीतून सांडलेला रस, जमीन धुतलेले पाणी व पाक उकळताना वाफेबरोबर उडालेले थेंब यांतून ती पाण्यात जाते. १ किग्रॅ. साखरेच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास सु. १·१२ किग्रॅ. ऑक्सिजन लागतो. ३०° से. तापमानाच्या स्वच्छ पाण्यात १ लिटरमागे सु. ७·५ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळलेला असतो. यावरून १ किग्रॅ. साखर सु. दीड लाख लिटर पाण्यातील सर्व ऑक्सिजन संपवू शकते, असे दिसते. दररोज २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात हिशेबात न सापडणारी साखरेची घट उसाच्या ०·१ टक्का धरली, तरी ती २·५ टन भरते. त्यातील निम्मी घट सांडपाण्यात गेली असे मानल्यास व सांडपाणी ५ लाख लिटर असल्यास त्याची सैद्धांतिक ऑक्सिजन मागणी प्रतिलिटर सु. २,८०० मिग्रॅ. होते. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी जीवरासायनिक ऑक्सिजन मागणीची मर्यादा प्रतिलिटर ३० मिग्रॅ. आहे. ही दोन मापे एकच नसली, तरी साखर जीवाणू सहज खातात, त्यामुळे तुलना उद्‌बोधक आहे. या ठिकाणी कारखान्याचे नुकसान व नदीचे नुकसान ही एकाच द्रव्याची दोन नावे आहेत. पंपांची गळती थांबविणे, बाष्पनपात्रांत थेंब अडविणारे सापळे बसविणे व सांडलेला रस वेगळ्या टाकीत घेऊन परत फिरविणे, या साध्या उपायांनी साखर वाढते व शुद्धीकरणाचा भार कमी होतो. बाष्पनपात्रांच्या नळ्यांवरील खवल काढण्यासाठी वापरलेला दाहक सोड्याचा विद्राव एकदम न सोडता साठवून पुन्हा वापरणे, हाही असाच उपाय आहे.

रसाच्या शुद्धीकरणात मार्ग बदलण्याचा प्रश्न येतो. भारतात पांढरी साखर मुख्यतः सल्फिटेशन पद्धतीने करतात. रसात चुना व गंधक जाळून मिळविलेला सल्फर डाय-ऑक्साइड वायू सोडतात. उसाच्या ०·०५ टक्का गंधक धरल्यास वरील कारखान्यास रोज १·२५ टन गंधक लागते व त्यापासून २·५ टन सल्फर डाय-ऑक्साइड निर्माण होतो. त्याचा बराच भाग कॅल्शियम सल्फाइटाच्या रूपाने गाळात जातो, अल्प भाग साखरेत व मळीत राहतो आणि भट्टी नीट नसल्यास काही हवेत सुटतो. प्रथम कच्ची साखर करून ती गंधकाविना शुद्ध केल्यास हा प्रश्न उरत नाही. परंतु यंत्रसामग्री व वाफेचा खर्च वाढतो. [⟶ साखर].

आसवनी : मळीपासून किण्वनाने अल्कोहॉल करणाऱ्या आसवनींचे सांडपाणी हा महाराष्ट्रातील मोठा प्रश्न आहे. त्यास कारखान्यांत स्पेंटवॉश म्हणतात. १ लि. अल्कोहॉलामागे हे गडद तपकिरी पाणी साधारणपणे ८ ते १५ लि. निघते व त्याची जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी प्रतिलिटर ४०,००० ते ६०,००० मिग्रॅ. पर्यंत असते. त्याची राशी किण्वनातच ठरते. किण्वित द्रवात अल्कोहॉल ८ टक्के असेल, तर १ लि. अल्कोहॉलासाठी १२·५ लि. द्रव ऊर्ध्वपातित करावा लागतो व सु. ११·५ लि. पाणी उरते, अल्कोहॉल १० टक्के झाल्यास केवळ ९ लि. उरते. म्हणून अधिक अल्कोहॉल सहन करणाऱ्या यीस्टच्या जाती, अखंड किण्वन, सांडपाण्याचा काही भाग मळी पातळ करण्यास परत वापरणे व स्तंभात वाफ प्रत्यक्ष न सोडता ती बाहेरून तापविण्यास वापरणे, हे खरे प्रतिबंधक उपाय होत. त्यानंतर बायोगॅस, गाळणीच्या गाळाबरोबर कंपोस्ट किंवा पाणी आटवून बाष्पित्रात जाळणे, हे मार्ग येतात. जाळल्यावर उरणाऱ्या राखेतून पालाश मिळते; ते मूळचे शेतातूनच उसाबरोबर आलेले असते. उपाय न करता हे पाणी सच्छिद्र जमिनीवर सोडल्यास विहिरींचे पाणी रंगीत व क्षारयुक्त होते.

भूजलाचे असे नुकसान किती टिकाऊ असते, हे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिच्छरी गावात दिसून आले. तेथे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एच-आम्ल या रंग-मध्यस्थाचे उत्पादन अल्पकाळच झाले. पण उत्पादनाच्या अनेक पट गाळ साठला व त्यातून झिरपलेल्या द्रव्याने आसपासच्या विहिरींचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भरपाईची जबाबदारी प्रदूषण करणाऱ्यांवर टाकली. परंतु तोवर कारखाने बंद होऊनही विहिरी सुधारल्या नव्हत्या.

कायदे व संस्था : महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये केला व १९७० मध्ये राज्य प्रदूषण मंडळ स्थापन झाले. केंद्राचे जल, वायू व पर्यावरण संरक्षण यांविषयीचे कायदे अनुक्रमे १९७४, १९८१ व १९८६ मध्ये झाले. १९९२ च्या राष्ट्रीय धोरण निवेदनात उगमस्थानी प्रतिबंधास प्राधान्य देण्यात आले. केंद्रीय मंडळाने २००३ मध्ये सतरा प्रकारच्या उद्योगांसाठी आखलेल्या कार्यक्रमात आसवनींना सांडपाणी बाहेर न सोडण्याचे उद्दिष्ट घालून दिले. घातक टाकाऊ द्रव्यांविषयीच्या २०१६ च्या नियमांत प्रतिबंध, घट, पुनर्वापर व शेवटी सुरक्षित विल्हेवाट असा क्रम दिलेला आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था व साखर उद्योगासाठी मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्थांत या विषयाशी निगडित संशोधन चालते.

मर्यादा : कोणतीही रासायनिक प्रक्रिया पूर्णपणे टाकाऊ द्रव्यविरहित असत नाही. ऊर्जेचा वापर, परत मिळविण्याचा खर्च व मूळ मालाचे शुद्धीकरण यांमुळे व्यवहारात मर्यादा पडतात. एका मापात श्रेष्ठ ठरणारी पद्धत दुसऱ्यात कनिष्ठ ठरू शकते. लहान कारखान्यांकडे मोजमापाची साधने व प्रशिक्षित माणसे कमी असतात. त्यामुळे त्यांचा भर सामायिक शुद्धीकरण केंद्रांवर राहतो. उप-उत्पादन विकले गेले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. बाजारभाव उतरताच ते पुन्हा टाकाऊ ठरते. या सर्व कारणांमुळे मूल्यमापन एकदाच करून भागत नाही. कच्चा माल, उत्पादनाचे प्रमाण किंवा कारखान्याभोवतीच्या जमिनीची व पाण्याची परिस्थिती बदलली, की ताळेबंद नव्याने मांडावा लागतो. [⟶ जल प्रदूषण, हवा प्रदूषण].